ढोलवाल्याच्या खांद्यावरचे दात

शहराच्या लश्कर भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका सरदारांचं घर होतं. माझे वडील रियासतीच्या दफ्तरात कामाला होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. संध्याकाळी ते त्या सरदारांच्या दोन मुलींना मोडी शिकवायला जात आणि मला बरोबर नेत, कारण आई गेल्यापासून मला घरी एकटीला ठेवायला त्यांचं मन घेत नसे. थोरल्या मुलीला सगळे ताईसाहेब म्हणत. त्या माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, अबोल, अक्षर मोत्यासारखं. धाकटी माझ्याच वयाची. तिला मोडीत काडीचा रस नव्हता. तिचा सगळा जीव तिच्या पलटणीत होता.

ही पलटण शिशाची होती. विलायतेहून लाकडी पेटीत बसून आलेले बोटाएवढे भरीव शिपाई, लाल कोट, काळ्या उंच टोप्या. बाहुल्या तिनं कधी हातात धरल्या नाहीत. नाना ताईसाहेबांची वही तपासत बसले की आम्ही दोघी पलंगाखाली पलटण मांडायचो. सगळ्यांत पुढे एक ढोलवाला असे. तो तिचा लाडका.

एकदा तिचा पुढचा दात हलत होता. दात जास्त घट्ट की शिपाई, असं ती म्हणाली आणि तिनं ढोलवाल्याचा डावा खांदा करकचून चावला. दात तिच्या तळहातावर पडला. शिशात दोन खाचा उमटल्या, एक खोल, एक उथळ, आणि दोन्हींच्या मधे केसाएवढी फट. तिनं रक्त गिळलं आणि मला म्हणाली, "सांगू नकोस कुणाला." मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी विषमज्वरात ती गेली. शेवटचे अकरा दिवस ढोलवाला तिच्या उशाशी होता असं नंतर कळलं. मला तिला पाहू दिलं नव्हतं.

त्यानंतर नाना त्या घरी एकटेच जाऊ लागले, आणि काही वर्षांनी तेही थांबलं.

मग रियासत विलीन झाली, मध्यभारत झाला, आणि दफ्तरातल्या कपाटांवरची नावं बदलली. नानांची नोकरी टिकली, पण खुर्ची तीन वेळा हलली. सरदारांच्या घराचा पुढचा भाग सरकारी कचेरीला गेला. मी तोवर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागले होते. शाळेतून येताना त्या घराच्या उघड्या खिडकीतून मला तीच खोली दिसायची, जिथे पलंग होता. आता तिथे टेबलं होती आणि भिंतीला लावलेल्या फायली.

भोपाळ राजधानी होणार असं नक्की झालं त्या हिवाळ्यात ताईसाहेबांचा निरोप आला. त्या मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या आणि चुलत भावाकडे बडोद्याला कायमच्या निघाल्या होत्या. मी गेले तेव्हा ट्रंका बांधून झाल्या होत्या.

"मला एकच वस्तू न्यायची होती," त्या म्हणाल्या, "आणि तीच नाही. पुढचं घर कचेरीसाठी रिकामं करताना कुणीतरी पलटणीची पेटी उचलून बाजारात दिली. बाकीचे शिपाई गेले तर जाऊ देत. ढोलवाला मला हवा आहे. त्याच्यावर तिचे दात आहेत."

मी चकित झाले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तापात ती माझं बोट धरून त्या खाचांवरून फिरवायची." मग म्हणाल्या, "तू ते होताना पाहिलंस. तूच ओळखशील. शोधून दे मला."

मी पाटणकर बाजारापासून सुरुवात केली. तिथे जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. त्या दिवसांत त्या दुकानात अशा घरांतून खूप काही येत असे: अत्तरदाण्या, हत्तीच्या झुलीचे तुकडे, चष्मे. मी शिशाचे शिपाई विचारले. दुकानदारानं कापडाची पुरचुंडी सोडली आणि ढोलवाला माझ्यापुढे उभा केला. मी त्याला उलटवलं. डाव्या खांद्यावर दोन खाचा होत्या, एक खोल, एक उथळ, मधे फट. सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या मुलीचे दात मी नखानं चाचपत होते आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी पितळी समईबद्दल बोलत होता.

मी तो घरी आणला आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी ताईसाहेबांकडे न्यायचा होता. पण शाळेतून येताना खासगी बाजारातल्या एका बोहारणीच्या ओट्यावर, काचेच्या बांगड्या आणि जुन्या कुलपांच्या मधोमध, मला काळी उंच टोपी दिसली. उचलून पाहिलं तर ढोलवाला. मी स्वतःला समजावलं की पलटणीत दुसरा ढोलवाला असेल, मला आठवत नसेल. मग उलटवून पाहिलं. खांद्यावर दात होते.

बोहारीण म्हणाली, "क्या हुआ बाई, बैठ जाओ." मी खरंच तिच्या ओट्यावर बसले.

तिसरा दोन दिवसांनी सापडला, पुन्हा पाटणकर बाजारात, त्याच दुकानात. मी विचारलं तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, "आणखी हवेत का? मागवून देतो."

रविवारी दुपारी मी तिन्ही ढोलवाले जेवणाच्या टेबलावर ओळीनं उभे केले आणि नानांना सगळं सांगितलं. नानांनी उभी हयात जुनी कागदपत्रं चाळण्यात घालवली होती. बनावट सनदा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दफ्तरात कुणी नव्हता. त्यांनी चष्मा बदलला.

"हे बघ," ते म्हणाले, "खोटी सनद ओळखायची तर मजकूर वाचायचा नाही. मजकूर तर बरोबरच असतो. घडी पाहायची. कागद कुठे झिजलाय ते पाहायचं."

"हा कागद नाही, नाना."

"झीज सारखीच. तू खेळायचीस तेव्हा याला कुठे धरायचीस?"

मी डोळे मिटून हात तसा केला. कमरेला, दोन बोटांत. नेहमी कमरेला. मग डोळे उघडून पाहिलं. तिघांच्याही कमरेचा रंग शाबूत होता, आणि नाकाचा, ढोलाच्या तोंडाचा, टोपीच्या शेंड्याचा रंग खरवडलेला होता. जिथे बघणाऱ्याची नजर आधी जाते नेमकं तिथे.

नानांनी पोस्टकार्डाची एक पट्टी कापली आणि पहिल्याच्या पायापासून टोपीपर्यंत खूण केली. दुसरा खुणेपर्यंत पोचला नाही, अगदी थोडक्यात राहिला. तिसरा त्याहून खाली. "ओतीव धातू निवताना आकसतो," नाना म्हणाले. "हा दुसरा पहिल्यावरून ओतलाय. तिसरा दुसऱ्यावरून. आणि हा पहिला, ज्याला तू खरा समजलीस, तोही कुणावरून तरी ओतलेलाच असणार."

मग मी चेहरे पाहिले. पहिल्याला डोळे होते, कोरलेले, पापणीची रेघसुद्धा होती. दुसऱ्याच्या डोळ्यांच्या नुसत्या खळ्या उरल्या होत्या. तिसऱ्याचा चेहरा रंगानं काढलेला होता, बोट फिरवलं तर खाली सपाट. खांद्यावरचे दात मात्र तिघांनाही होते. ओतणाऱ्यानं प्रत्येक वेळी ती जागा नीट राखली होती, बहुधा त्याला ती जुनेपणाची खूण वाटली असावी. दुपारच्या उन्हात ते तिघं उभे होते, प्रत्येकजण आधीच्याहून जरासा लहान, जरासा आंधळा, आणि तिघांनाही तिनं चावलेलं.

"याला वास येतोय," नाना एकदम म्हणाले. त्यांनी तिसरा नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

मला तो वास आधीपासून येत होता. पण मी समजले होते की तो नानांच्याच गुडघ्याचा आहे. गेले तीन हिवाळे नाना गुडघ्याला एक पिवळं, मासळीच्या वासाचं तेल चोळत. थंडीत खोबरेल गोठून बसे, हे मात्र कधी गोठायचं नाही. दफ्तरातला चपराशी ते हजीरा वस्तीतून बाटलीत आणून देई आणि सूंसचं तेल म्हणे. आम्ही घरी त्याला सुसरीचं तेल म्हणायचो. मी बाटली आणून बूच काढलं. नानांनी एकदा बाटली हुंगली, एकदा शिपाई. मग बूच लावलं.

चपराशाकडून पत्ता घेऊन आम्ही दोघं हजीऱ्याला गेलो. तेल देणारा माणूस ओतकाम करणारा मिस्त्री निघाला. रियासतीच्या कारखान्यात त्यानं बिल्ले आणि बक्कल ओतण्यात तीस वर्षं काढली होती. कारखान्याला कुलूप लागल्यावर घराच्या ओसरीत भट्टी मांडली होती. आम्ही तिन्ही ढोलवाले त्याच्यापुढे ठेवले. तो लाजला नाही की घाबरला नाही. आपल्याच मुलांकडे पाहावं तसा त्यांच्याकडे पाहत राहिला.

"मी नवे म्हणूनच देतो," तो हिंदीत म्हणाला. "जुने ते बाजारात गेल्यावर होतात."

"मग हे तेल कशाला?" मी विचारलं.

त्यानं दाखवलं. ताज्या रंगावर बोटानं तेलाचा हात, वर दिव्याची काजळी, मग चुलीची राख, मग फडकं. लाल रंग बघता बघता विटला आणि त्यावर पन्नास वर्षं चढली. दुसऱ्या कुठल्याही तेलानं असं होत नाही, बाकीची वाळून कडक होतात, असं तो म्हणाला.

"आणि मूळचा ढोलवाला?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी अडचण दिसली. मूळचा त्याला बाजारातून भंगाराच्या शिशात मिळाला होता, आणि साचा घेऊन झाल्यावर नको होता. चंबळच्या घाटावरून तेल आणणारा मल्लाह, म्हणजे नदीवरचा कोळी, एकदा आपल्या लहान मुलीला घेऊन आला होता. मिस्त्रीनं ढोलवाला तिच्या हातात दिला होता. "बच्ची थी, खेलने लगी," तो म्हणाला. "मैंने कहा, ले जा."

पुढच्या रविवारी मी आणि नाना पॅसेंजरनं मुरैन्याला गेलो आणि तिथून बसनं घाटाकडे. नानांचा गुडघा ठणकत होता. त्या दिवशी त्यांनी तेल लावलं नव्हतं. मी विचारलं नाही.

बस थांबते तिथून नदीपर्यंत मातीच्या भिंतींमधून वाट जाते. दोन्ही बाजूंना घळी, माणूस उभा बुडेल इतक्या. वारा आत येत नाही, आवाज बाहेर जात नाही. आम्ही वळणं घेत खाली उतरत होतो आणि मला सारखं वाटत होतं की आमच्यामागून कुणीतरी दमून उसासे टाकत येतंय. मी दोनदा मागे वळून पाहिलं. नानांनीही पाहिलं, म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं. मग भिंती संपल्या, समोर नदी आली, आणि कळलं की उसासे पाण्यातून येत होते. निळंशार, थंड, संथ पाणी, त्यावर कुणी नाही, आणि त्यातून कुणीतरी श्वास सोडत होतं. सूंऽऽ. थोड्या वेळानं पुन्हा. माणसाचा श्वास घरात कुठल्याही खोलीतून ओळखू येतो, तसाच.

पलीकडच्या वाळूवर सुसरी ऊन खात पडल्या होत्या. नाना म्हणाले, "त्यांचंच तेल."

मल्लाहाचं खोपट काठावरच होतं. तो जाळं ओढायला निघत होता. नानांचं बोलणं ऐकून तो हसला. "वो तो घड़ियाल हैं, बाबूजी. सूंस वो है." त्यानं पाण्याकडे बोट केलं. मला काही दिसलं नाही. एक राखाडी पाठ उगवून मावळली असावी, पण मी पाहीपर्यंत नुसती वर्तुळं उरली होती.

ढोलवाल्याचं विचारल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं. ती खोपटाच्या दारात जाळ्याची गाठ मारत बसली होती, चाळिशीची, हात दोरांनी कापलेले. ती म्हणाली, पोरीचा खेळ संपला तेव्हा शिसं वाया का घालवायचं म्हणून त्याच्या छातीत भोक पाडून तो जाळ्याच्या खालच्या दोराला वजन म्हणून बांधलाय. आत्ता पाण्यातच आहे. जाळं वर येईल तेव्हा काढून घ्या.

आम्ही काठावर थांबलो. डोहाच्या कडेनं सुकलेल्या भोपळ्यांचे तुंबे एका रेषेत तरंगत होते. त्यांतले मधले चार पाण्याखाली गेले होते. मल्लाह होडीतून गेला, दोर धरला आणि ओढू लागला. ते जड होतं. बायको पाण्यात उतरली आणि काठाकडचं टोक धरून ओढू लागली. नानांनी काठी खाली ठेवली आणि तेही ओढू लागले. म्हणून मीही.

जाळ्यात मासे होते, बरेच. त्यांच्यामध्ये गुरफटलेली सूंस होती, नदीतला डॉल्फिन. माझ्याहून लांब, ओल्या दगडासारखी कातडी, लांब निमुळती चोच, तिच्यात दातांच्या रांगा. चोचीची रेघ गालाकडे वर वळलेली, त्यामुळे ती हसत होती असं वाटत होतं. डोळा मी शोधला. टाचणीनं टोचल्याएवढं एक छिद्र होतं. ती मेलेली होती, पण गार नव्हती. जाळ्याचा दोर तिच्या चोचीभोवती तीन वेळा फिरला होता. तिला श्वासाला वर यायचं होतं आणि येता आलं नव्हतं. पाण्यात राहणारा जीव पाण्यात बुडून मेला, हे माझ्या मनाला कळायलाच वेळ लागला. मल्लाहाच्या बायकोनं तिच्या पोटावर हात दाबला तेव्हा दूध आलं.

"मी मारली नाही," मल्लाह हिंदीत म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "आम्ही सूंस मारत नाही. पाप आहे. ती आपण होऊन येते."

नानांनी जाळ्याचा दोर बोटांत धरला. सनदेचा कागद धरावा तसा. "हा दुहेरी आहे," ते म्हणाले.

"मोठ्या माशासाठी."

"पूर्वी एकेरी होता?"

"पूर्वी एकेरी होता."

"एकेरी दोर ती तोडून जायची?"

मल्लाह जाळ्यातले मासे सोडवू लागला. त्याची बायको पाण्यात उभी होती. ती बोलली, नवऱ्याकडे न पाहता. तिची बोली मला पुरती कळत नव्हती, पण हे कळलं. ती म्हणाली, "तुटण्याचं काही नाही, बाबूजी. जाळ्यापाशी बसलं तर ती वाचते. तुंबे नाचायला लागले की समजतं. दोर उचलून धरला की तिचं तोंड वर येतं, श्वास घेते, मग सोडवता येते. माझा सासरा बसायचा. आम्हीही बसायचो."

"आता?"

"आता आम्ही जाळं लावून घरी जातो."

एवढंच ती म्हणाली. कुणी कुणाला मारलं नव्हतं. मिस्त्री तेल मागत होता, चपराशी बाटली आणत होता, आमच्या घरी ती बाटली खिडकीत उभी होती, आणि इथे दोन माणसं जाळं लावून काठावरून उठून जात होती. मी नानांकडे पाहिलं. ते आपल्या गुडघ्याकडे पाहत होते.

तेवढ्यात पुन्हा तो श्वास ऐकू आला, अगदी जवळून, पण आधीच्याहून बारीक आणि घाईचा. जाळं जिथे होतं तिथे पाण्यातून एक लहानसं डोकं वर आलं आणि गेलं. पुन्हा त्याच जागी आलं. आम्ही तासभर तिथे होतो. ते तिथेच वर येत राहिलं.

मल्लाहाच्या बायकोनं खालच्या दोरावरून वजनं चाचपत एक गाठ कापली आणि माझ्या ओंजळीत ढोलवाला टाकला. रंगाचा कण राहिला नव्हता. नदीच्या वाळूनं चेहरा पुसून नेला होता, टोपी घासली गेली होती, छातीतून आरपार भोक. मी डावा खांदा चाचपला. एक खाच कशीबशी लागत होती. दुसरी लागली असं मला वाटलं, पण खात्री नाही. कमर दोन बोटांत धरली तेव्हा मात्र बोटं आपोआप बसली.

ताईसाहेबांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. ट्रंकेवर फडकं अंथरून मी खरा ढोलवाला आणि पहिली नक्कल शेजारी शेजारी ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मिस्त्रीचं, तेलाचं, जाळ्याचं, दुधाचंसुद्धा. मग त्यांनी खरा उचलला, अंगठा खांद्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग खाली ठेवला आणि नक्कल उचलली. अंगठा खाचांमध्ये गेला. त्यांनी डोळे मिटले.

"हाच," त्या म्हणाल्या.

"ताईसाहेब, तो ओतलेला आहे. मी सांगितलं ना."

"ऐकलं मी. पण त्याच्यावर ती नाही आता." त्यांनी खऱ्याकडे बोट केलं. "इथे आहे."

"त्या तेलाचा वास येतो त्याला."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "तापात तिच्या खोलीलाही वास येत होता."

मी वाद घातला नाही. उरलेला पदराच्या गाठीत बांधून परत आणला. रस्त्यात मला राग आला, कुणावर ते कळलं नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुष्कळ पुढे आले आहे आणि अजूनही मला सांगता येत नाही की त्या चुकल्या की मी.

नानांनी तेल पुन्हा लावलं नाही. बाटली त्यांनी मागच्या अंगणात खड्डा करून ओतली आणि पाया पडावं तसे क्षणभर वाकून उभे राहिले. गुडघा त्या वर्षापासून कायमचा धरला. त्यांनी दफ्तरातल्या आपल्या सुंदर अक्षरात एक अर्ज लिहिला, घाटांवर सूंस जाळ्यात मरतात, जाळ्यापाशी माणूस बसणं सक्तीचं करावं, अशा आशयाचा. राज्यांची मोडतोड चालली होती. उत्तर आलं की हा विषय कोणत्या खात्याकडे जाणार हे अद्याप ठरायचं आहे. नानांनी ते उत्तर फाईलला लावलं. चपराशाला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलवत राहिला आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कुणासाठी बाटली आणताना मला दिसला.

नानांचं दफ्तर भोपाळला हलणार होतं; आम्ही तिकडे निघण्याआधी मी एकदा एकटीच घाटावर गेले. कशासाठी ते मला नानांनाही सांगता आलं नसतं. मल्लाहाची बायको काठावर बसली होती. तिनं मला ओळखलं आणि गोणपाटाची अर्धी बाजू मोकळी केली. डोहात तुंब्यांची रेघ होती. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही की ती कधीपासून बसतेय. नवरा खोपटाच्या सावलीत पाठ फिरवून पडला होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिसरा तुंबा पाण्याखाली गेला आणि पाणी ढवळलं. ती उठली, होडीत शिरली, आणि मीही मागोमाग शिरले. "धरो," ती म्हणाली. आम्ही दोघींनी दोर छातीशी ओढून धरला. पाण्याखाली एवढी ताकद होती की होडी कलली. मग जाळ्यातून ती लांब चोच वर आली, माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर, आणि तिनं श्वास सोडला. गरम, मासळीचा, माझ्या डोळ्यांत, केसांत. ते छिद्राएवढे डोळे मला पाहत नव्हते, तरी मला पाहिल्यासारखं वाटलं. बाईनं कमरेचा कोयता काढून जाळं कापलं, एक, दोन, तीन घाव. वजन एकदम गेलं. मासेही गेले.

काठावर नवरा उठून बसला होता. फाटलेल्या जाळ्याकडे त्यानं पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा आडवा झाला. तिनं जाळं मांडीवर ओढून घेतलं, भोक किती मोठं आहे ते हातांनी पसरून पाहिलं आणि सुई शोधू लागली.

"उद्याही बसणार का?" मी विचारलं.

"उद्या जाळं तयार झालं तर," ती म्हणाली, आणि मला दोराचं दुसरं टोक धरायला दिलं. बस यायला अजून अवकाश होता. मी ते धरून बसले.